पेटिट सवानचा पूर्ण पत्ता

खाडी ओलांडणारी तर सुटायच्या बेतात होती. माझी पेटी आत, मी आत, अम्मा धक्क्यावरच्या दगडावर पदर तोंडाशी धरून बसलेली, आणि बाबांनी हात वर करून तरवाल्याला थांबवलं. "थांब रे. पत्ता ऱ्हायला याचा."

तरीतली दोन-चार माणसं हसली, पण गप्प झाली. बाबांची ही रीत गावाला ठाऊक होती. ते तीस वर्षं बोटीवर खलाशी होते. त्यांच्याबरोबरचा एक अब्दुल परदेशी बंदरात वारला, तेव्हा कंपनीच्या कागदावर त्याचा पत्ता नुसता 'रत्नागिरी' असा होता. तार भलत्याच अब्दुलच्या घरी गेली. त्या घरानं तीन दिवस रडून घेतलं आणि ज्यांनी रडायचं ते ईदचे कपडे शिवत बसले. तेव्हापासून आमच्या घरातनं कोणी लांब निघालं की जाणाऱ्यानं पूर्ण पत्ता मोठ्यानं बोलायचा आणि काठावर राहणाऱ्यानं तो परत बोलून दाखवायचा. बाबा म्हणायचे, "अर्धा पत्ता सांगणारा अर्धाच पोचतो."

मी पंचवीस वर्षांचा, लग्न झालेला बाप्या. भर तरीत उभा राहून बोललो, "मुक्काम पेवखोल, पोस्ट बाणकोट, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी." बाबांनी काठावरून तेच शब्द तशाच क्रमानं परत केले. मग तर सुटली. खाडीच्या अलीकडे रत्नागिरी जिल्हा, पलीकडे रायगड. दहा मिनिटांत मी माझ्या जिल्ह्यातून बाहेर पडलो होतो.

आणि सौदीत उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात तो पत्ता टाकून दिला, हे आज कबूल करतो. कंपनीच्या ऑफिसातला कारकून बशीर, माणूस सुदानचा, फॉर्म भरत होता. "मिन वेन? कुठला?" मी सुरू केलं, "मुक्काम पेवखोल..." त्यानं पेन खाली ठेवलं. "बॉम्बे?" म्हटलं, नाही, बॉम्बेपासून आणखी एसटीनं... "बॉम्बे. खलास." त्यानं लिहिलं. पासपोर्ट घेतला, कपाटात टाकला, कपाटाला कुलूप. मी मान हलवून बाहेर आलो. भीती वाटत होती. सातवीतून शाळा सुटलेला माणूस टेबलामागे बसलेल्या प्रत्येकाला भितो. अजून भितो.

आमचा कॅम्प धाहरानकडून अबकैकला जाणाऱ्या रस्त्यावर होता. पत्र्याच्या खोल्या, एकेका खोलीत सहा खाटा. आमची कंपनी म्हणजे मोठ्या तेल कंपनीची कामं घेणारी छोटी ठेकेदार कंपनी, आणि आमचं काम एसीचं. मी हेल्पर. फिल्टर धुवायचे, कॉइलमधली वाळू ब्रशनं काढायची, पाण्याचा पाइप तुंबला की तोंडानं फुंकायचा. आणि आमचा फोरमन क्लेमंट.

क्लेमंट काळा, उंच, पन्नाशीचा. गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. सतराव्या वर्षी केळ्यांच्या बोटीनं इंग्लंडला गेला, तिथं फ्रिज-एसीचं काम शिकला, तिथनं इकडे आला. आमच्या खोलीतल्या रत्नागिरीच्या यासीनभाईनं पहिल्या दिवशीच त्याला विचारलं, "साहेब, कोन सा कंट्री?" तो काहीतरी बोलला, आम्हाला कळलं नाही. मग सुटका करून घेतल्यासारखा म्हणाला, "वेस्ट इंडिज." झालं! यासीनभाई नाचायचाच बाकी राहिला. वेस्ट इंडिज म्हटल्यावर आम्हाला एकच गोष्ट माहीत, बॉलिंग. शुक्रवारी टेनिसचा बॉल त्याच्या हातात दिला. सगळा कॅम्प जमला. क्लेमंट धावत आला आणि बॉल त्याच्याच पायाशी पडला. बॅटिंगला आणला तर मेसच्या पठाण आचाऱ्यानं पहिल्याच बॉलला त्याच्या दांड्या उडवल्या. यासीनभाई कपाळाला हात लावून म्हणाला, "ह्यो कंचा विंडीजवाला? डुप्लिकेट आहे!" क्लेमंट इतका हसला की चष्मा वाळूत पडला.

पण आमच्या डोक्यातून ते गेलं नाही. वेस्ट इंडिज हा एक देश, त्याचा एक कॅप्टन, तसा त्याचा एक राजा किंवा पंतप्रधान असणार. मी मनात तसंच धरून बसलो, आणि तिथंच घात झाला.

नव्वदच्या ऑगस्टात सद्दामच्या फौजेनं कुवेत घेतलं. आमच्या रस्त्यावरून रणगाडे लादलेले ट्रक जायला लागले, मैल मैल लांब. डिसेंबरात ऑफिसनं सांगितलं, फोरमन आणि त्यांच्या वरच्यांना रजेवर जायचं असेल तर नावं द्या, जानेवारीच्या मध्याला काय होईल सांगता येत नाही. हेल्परांना विचारायचा प्रश्नच नव्हता. आम्ही कुठं जाणार? पासपोर्ट कपाटात, कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आम्ही आलो तो सौदी मालक, रियाधला.

क्लेमंटला जायचंच होतं. त्याची आई आजारी होती. नाताळच्या सुमारास इंग्लंडातल्या बहिणीचं पत्र आलं, आईचं हृदय थकलंय, तुझं नाव घेते. त्याच आठवड्यात त्याला अबकैकला पाठवलं. प्लांटमधली एसी यंत्रं बंद करून दुरुस्त करायची होती, चार दिवस तिकडेच मुक्काम. जाताना त्यानं मला बाजूला घेतलं. "इक्बाल, तुझं अक्षर चांगलं आहे." माझं अक्षर खरंच चांगलं. अर्थ कळो न कळो, कॅपिटल लेटर मी छापल्यासारखी काढायचो, त्यामुळे डब्यांवर, पेट्यांवर नावं घालायचं काम माझ्याकडे. त्यानं एक्झिटचा कोरा फॉर्म दिला, सही केलेला, सोबत इकाम्याची, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याची, झेरॉक्स. "यावरून बघून भर. परवा बशीरकडे दे. जवाजातमध्ये एकदम सगळे जातील." जवाजात म्हणजे पासपोर्टचं सरकारी ऑफिस. एवढी मोठी गोष्ट त्यानं माझ्या हातात दिली. मी फुशारलो, खोटं कशाला सांगू.

नाव लिहिलं. नंबर लिहिले. मग आलं 'कंट्री'. इकाम्यावर अरबीत लिहिलं होतं. अरबी अक्षरं मला येतात, लहानपणी मशिदीत कुराण वाचायला शिकलो तेव्हापासून. अर्थ नाही, अक्षरं. मी एकेक अक्षर लावून वाचलं: दो-मि-नि-का. मला वाटलं, हे याचं गाव. जसं माझं पेवखोल. सौदी सरकारनं गावाचं नाव लिहून घेतलं म्हणजे याचा मान मोठा, असंही वाटलं. देशाच्या जागी मी सुंदर अक्षरात लिहिलं वेस्ट इंडिज, आणि गावाच्या जागी डोमिनिका. बशीरकडे नेऊन दिलं. त्यानं न बघता गठ्ठ्यात टाकलं.

सहा दिवसांनी गठ्ठा परत आला. सगळे पास, क्लेमंटचा फॉर्म बाहेर. असा देशच नाही. बशीर माझ्यावर ओरडला आणि त्यानं आपल्या डोक्यानं दुरुस्ती केली. त्याच्याकडे देशांची एक छापील यादी होती, तिच्यात त्याला डोमिनिकन रिपब्लिक सापडलं. तेच टाकलं. फॉर्म पुन्हा गेला, पुन्हा परत. पासपोर्टावर एक देश, फॉर्मवर दुसरा. तो दुसरा देश वेगळाच आहे, तिथं स्पॅनिश बोलतात, क्लेमंटच्या घरापासून समुद्रातून कितीतरी लांब, हे मला पुढे कळलं. क्लेमंटच्या सरकारचं इथं ऑफिसही नव्हतं की कोणी फोन करून सांगावं, बाबांनो, आम्ही आहोत. तिसऱ्यांदा फॉर्म बरोबर होऊन गेला, तेव्हा जानेवारीची सोळा तारीख होती. दुसऱ्या दिवशी लढाई सुरू झाली आणि प्रवाशांची विमानं बंद पडली.

गावाकडचे अजून विचारतात, लढाईत काय बघितलंस? मला राग येतो. काय बघणार? चिकटपट्टी बघितली. आयुष्यभर लोकांच्या खोलीत गार हवा सोडायचं आमचं काम, आणि त्या महिन्यात आम्हाला घरोघरी पाठवलं ते एसीची तोंडं बंद करायला. जाळीवर प्लास्टिक, त्यावर पट्टी, दाराखाली ओला टॉवेल. विषारी वायू आला तर म्हणे वाचाल. साहेबलोकांना मास्क मिळाले. आम्हाला सांगितलं, येतील. ते आले नाहीत. आम्ही आमच्या खोलीचा एसीही पट्टी लावून बंद केला आणि सहा जण एकमेकांचा श्वास घेत बसलो. साधारण इशाच्या, रात्रीच्या नमाजाच्या सुमाराला भोंगा वाजायचा, मग धडाम, मग पत्रा थरथरायचा. यासीनभाई म्हणायचा, "घाबरू नका, सद्दाम आधी साहेबांचा पत्ता विचारील. आपला पत्ता त्याला काय घावतोय!"

घरनं कॅसेट आली होती, तेव्हा पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचे. अम्माचा आवाज: "रेडिओ सांगतो अरबस्तानात लढाई आहे. तू अरबस्तानात. मग तू आहेस का नाहीस ते कळव." मी चिडलो. अरबस्तान काय एक गाव आहे? कुवेत वेगळं, इराक वेगळं, सौदी वेगळं, सौदीतही रियाध कुठं आणि आम्ही कुठं. मोठ्यानं बडबडलो, आणि मधेच जीभ अडकली. समोरच्या खाटेवर क्लेमंट बसला होता. पलीकडच्या त्याच्या खोलीची पट्टी निघाली म्हणून तो आमच्याकडे आला होता.

तोवर त्याला खरं कारण कळलं नव्हतं. ऑफिसचा घोळ एवढंच त्याला माहीत. बशीरनं माझी चूक त्याला सांगितली नव्हती, त्याचे उपकार. पण मला राहवेना. मोडक्या इंग्रजी-हिंदीत मी सगळं सांगितलं. देशाच्या जागी काय लिहिलं, गावाच्या जागी काय लिहिलं.

त्यानं चष्मा काढून गळ्यात सोडला. मला वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. "गाव?" तो म्हणाला. "माझा देश तुला गाव वाटला?" मग उठला, स्वतःच्या खोलीत गेला, बाहेर भोंगा चालू असताना. परत आला तो एक वही आणि पेन घेऊन. माझ्यासमोर टाकली. "लिही. आधी देश."

तिथून पुढे सहा आठवडे, असरच्या, दुपार कलतानाच्या नमाजानंतर काम सुटलं की, मी त्या वहीपुढे बसलो. शिक्षा होती ती, सुरुवातीला तरी. तो बोलायचा, मी कॅपिटल लेटरमध्ये लिहायचो, मग तो अर्थ सांगायचा, मग मला न बघता बोलून दाखवावं लागायचं. सातवीत भूगोलाच्या तासाला मी अंगठे धरून उभा असायचो. आयुष्यात एकाच देशाचा भूगोल मी पाठ केला, तो हा.

डोमिनिका. वरच्या बाजूला फ्रेंचांचं बेट, खालच्या बाजूला फ्रेंचांचं बेट, मधे हे. एकोणतीस मैल लांब, सोळा मैल रुंद. आमचे मंडणगड-दापोली जोडले तर आत मावेल. पण सगळं डोंगर. एका अंगाला मोठा, खवळलेला समुद्र, दुसऱ्या अंगाला शांत. वाळू काळी. वर्षाच्या दिवसांइतक्या नद्या, असं तिथले लोक सांगतात. डोंगरात एक तळं आहे ते उकळतं. मी म्हटलं, उन्हवऱ्यासारखं? आमच्या दापोलीत उन्हवऱ्याला गरम पाण्याचे झरे आहेत. त्यानं विचारलं, तिथं भात शिजतो? म्हटलं, अंघोळ करतात. तो म्हणाला, "आमच्यात अंघोळ केलीस तर तू शिजशील." त्या खोलीत बऱ्याच दिवसांनी कोणी हसलं.

माणसं सत्तर हजारांच्या आसपास. यासीनभाई म्हणाला, "येवढे तर आमच्या बाजारात शिमग्याला असतात." बहुतेकांचे पूर्वज आफ्रिकेतून साखळ्या घालून आणलेले. त्यांच्याही आधीचे, बेटाचे मूळ मालक, कॅरिब, थोडे उरलेत, पूर्वेच्या किनाऱ्याला त्यांची वेगळी जमीन राखून ठेवलेली. शाळेत इंग्रजी बोलायचं, घरात फ्रेंच मोडून केलेली बोली. मी म्हटलं, आमचंही तसंच, शाळेत पुस्तकी मराठी, घरात कोकणी, मशिदीत अरबी. त्यानं हे वहीत लिहायला लावलं, बाजूच्या पानावर. "तुझंही लिही," म्हणाला. मी लिहिलं, पण अर्धवट. माझ्या गावाबद्दल लिहिण्यासारखं काय आहे, असं वाटायचं.

सरकार. अठ्ठ्याहत्तरला इंग्रज गेले. आसपासच्या पुष्कळ बेटांनी इंग्रजांची राणी ठेवली, यांनी ठेवली नाही, स्वतःचा राष्ट्रपती केला. एकवीस जण निवडून येतात, नऊ नेमलेले, एकाच सभागृहात बसतात. पंतप्रधान तेव्हा एक बाई होत्या. क्लेमंटची आई त्यांना भर सभेत रस्त्यावरून ओरडून बोलली होती, आणि बाईंनी भाषण थांबवून उत्तर दिलं होतं. मला खरं वाटेना. पंतप्रधान! आम्हाला तर तलाठी उत्तर देत नाही. दहा विभाग, दहाही संतांच्या नावांचे: अँड्र्यू, डेव्हिड, जॉर्ज, जॉन, जोसेफ, ल्यूक, मार्क, पॅट्रिक, पॉल, पीटर. हे मी अजून झोपेत म्हणतो. बायको सुरुवातीला घाबरायची.

आणि धंदा. केळी. दर आठवड्याला बोट लागते, हिरवे घड इंग्लंडला जातात, भाव तिकडे ठरतो. एकोणऐंशीच्या वादळात सगळ्या बागा एका दिवसात आडव्या झाल्या. खोबरेल तेलाचा साबण. आणि त्याच्या गावचं खास म्हणजे बे नावाच्या झाडाची पानं उकळून काढलेलं तेल. नाणी-नोटा आसपासच्या बेटांशी सामाईक. मी विचारलं, एवढ्यावर भागतं? क्लेमंट चष्मा पुसत म्हणाला, "नाही. म्हणून दुसरा माल पाठवतो." कुठला? त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. यासीनभाईनं ते बघितलं आणि आपल्याही छातीवर बोट ठेवलं.

फेब्रुवारीत एका दुपारी बशीर स्वतः चालत साइटवर आला. तो कधी ऑफिस सोडत नसे. क्लेमंटच्या बहिणीचा फोन आला होता. आई गेली. आठ दिवसांपूर्वीच गेली. लाइन मिळत नव्हती.

क्लेमंटनं हातातली कॉइल साफ करून पुरी केली. नळाखाली हात धुतले, पुन्हा धुतले. मी शिडीखाली उभा होतो. मनात हिशेब मांडत होतो, पहिल्या गठ्ठ्यात फॉर्म गेला असता तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो आईपाशी असता. महिनाभर तरी मिळाला असता. काय बोलणार? सॉरी हा शब्द मला येत होता. तो शब्द इतका लहान आहे की त्याचा राग आला.

त्या दिवशी मी वही काढलीच नाही. असरनंतर तोच आला. खाटेवर बसला. "बे ऑइल," म्हणाला, "राहिलंय." आणि सांगत गेला. आई पहाटे डोंगरावर जायची, फांद्यांचे भारे डोक्यावर आणायची, तांब्याच्या भांड्यात भरायची, खाली दिवसभर जाळ. वास कपड्यांना, केसांना, भाकरीला. तो बोटीवर चढला तेव्हा तिनं एक लहान बाटली दिली होती. इंग्लंडात पहिल्या थंडीत ती फुटली आणि त्याची खोली आठवडाभर घरासारखी झाली, म्हणून तो आठवडाभर खोलीबाहेर गेला नाही, नोकरी गेली. मी लिहीत होतो. अक्षरं फिसकटत होती. शेवटी त्यानं गावाचं नाव सांगितलं. इतके दिवस त्यानं ते सांगितलं नव्हतं, मी विचारायला धजलो नव्हतो. पेटिट सवान. तो म्हणायचा तेव्हा उच्चार वेगळाच ऐकू यायचा, पण मी अक्षरांवरून तसंच म्हणत आलो.

मार्चमध्ये विमानं सुरू झाली. कुवेतच्या तेलविहिरी जळत होत्या. आम्ही पट्ट्या सोडवून फिल्टर काढायचो तर ते तव्यासारखे काळे. क्लेमंट कायमचा निघाला. त्यानं कोरा फॉर्म आणून माझ्यापुढे ठेवला. तो स्वतः भरू शकला असता. मी तो परत त्याच्याकडे सरकवला. "तुम्ही भरा," म्हटलं. "तुझं अक्षर चांगलं आहे," तो म्हणाला, तेच वाक्य, त्याच आवाजात.

मी लिहिलं. देश, कॉमनवेल्थ ऑफ डोमिनिका. विभाग, सेंट पॅट्रिक. गाव, पेटिट सवान. रकाना संपला तेव्हा कडेला लिहिलं. बशीर कुरकुरला, "हे काय, कथा लिहिलीस?" पण शिक्का बसला.

मग क्लेमंटनं वहीचं कोरं पान उघडलं. "आता तुझा." म्हटलं, बॉम्बे चालतं सगळीकडे. "नो." तो पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला. मी पेन उचललं. पेवखोल कसंबसं जमलं. बाणकोट जमलं. आणि मंडणगडला हात थांबला. एम, ए, एन, पुढे? डीला लागून एच की नुसता डी? शेवटी जी की जीएच? जगाच्या दुसऱ्या टोकाच्या बेटाचे दहा विभाग मला स्पेलिंगसह येत होते आणि ज्या तालुक्यात मी जन्मलो, शाळेत गेलो, शाळेतून निघालो, तो मला लिहिता येत नव्हता. सातवीतून काढल्याचा राग मला बाबांवर कधी नव्हता. दोन बहिणींची लग्नं होती, समजत होतं. पण त्या पानावर बसून मला रडू आलं, कोणावर तरी संताप करावा असं वाटलं आणि तो करायला समोर कोणीच नव्हतं. शेवटी यासीनभाईनं आपल्या जुन्या मंडणगड-रत्नागिरी एसटी पासावरून स्पेलिंग काढून दिलं.

विमानतळाला जाणारी बस सकाळी आली. ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" करत होता. क्लेमंट खिडकीत बसला. बस हलली आणि त्यानं डोकं बाहेर काढून ओरडायला सुरुवात केली: "पेवकोल! बानकोट! मँडनगॅड! रॅटनगिरी!" मी त्याला बाबांची रीत कधीतरी सांगितली होती, मला वाटलं तो विसरला असेल. मी बसमागे धावत ओरडलो: "पेटिट सवान! सेंट पॅट्रिक! डोमिनिका!" यासीनभाई कपडे वाळत घालत होता. "काय रे," म्हणाला, "पोस्टमन झालात काय दोघे?"

पोस्टकार्ड एकच आलं, तिकिटावर पोपट. "उशिरा पोचलो. कबर वर डोंगरात आहे. भांडं अजून तेच आहे." मग काही नाही. बाबा चौऱ्याण्णवला गेले. तार बरोबर पत्त्यावर आली, पण कफील परदेशी, पासपोर्ट कपाटात, मी पोचलो चाळिसाव्या दिवशी. माझा पत्ता परत बोलून दाखवणारा काठावर कोणी उरला नाही.

त्या वहीनं मात्र मला उभं केलं, हे नाकारणार नाही. तिच्यावरच मी इंग्रजी वाचायला शिकलो, स्टोअरकीपर झालो, कुटुंब आणलं. मुलगी नसीम इथल्या इंडियन स्कूलात शिकली, आता दम्माममध्ये इस्पितळात नर्स आहे. मी मराठीत विचारतो, ती हिंदीत उत्तर देते, घाईत असली की इंग्रजीत. कोणी "कहाँ से हो?" विचारलं की म्हणते, "मुंबई." मी चिडतो. ती म्हणते, "अब्बा, कौन समझेगा?" बशीर बरा होता, तो निदान परका होता.

या महिन्यात माझं फायनल एक्झिट आहे, म्हणजे कायमचं परत जाणं. इथं येऊन पस्तीसच्या वर वर्षं झाली. परवा नसीमनं मोबाइलवर माझा कुठलासा फॉर्म उघडला. देशांची यादी वरून खाली सरकत होती आणि मधे एकाखाली एक आले: डोमिनिका, डोमिनिकन रिपब्लिक. मी म्हटलं, थांब. तिला म्हटलं, पेटिट सवान शोध. तिनं शोधलं. मग वाचून सांगितलं. दोन हजार पंधराच्या वादळात डोंगर खचला, माणसं गेली, सरकारनं गाव रिकामं केलं, उरलेल्यांना दुसरीकडे घरं दिली. तिथं आता राहत नाहीत.

क्लेमंट तेव्हा जिवंत होता का, तिथं होता का, कळायला मार्ग नाही. एवढा मोठा मोबाइल, त्यात हेच नाही.

मी पेवखोलला परत जाईन तेव्हा धक्का असेल, पण जुनी तर गेली, तिच्या जागी गाड्या नेणारी मोठी बोट आली आहे. घर आहे, कुलूप लावलेलं. पण मला नेहमी वाटत आलंय की आपण एखाद्या गावचे तेव्हाच असतो जेव्हा दुसरं कोणी त्या गावाचं नाव आपल्यासाठी पूर्ण उच्चारतं. नुसतं आपण म्हणून भागत नाही.

"बर्थ प्लेस," नसीम म्हणाली आणि एमयूएम टाइप करायला लागली. "मिटव." "अब्बा..." "मिटव म्हटलं ना." मी एकेक अक्षर सांगितलं. मंडणगडच्या मधेच रकाना भरला, पुढचं घेईना. ती म्हणाली, आधा ही आया. म्हटलं, राहू दे अर्धं, खोटं तरी नाही. मग तपासायला म्हणून तिनं, रकान्यात न मावलेलंही धरून, पूर्ण मोठ्यानं म्हटलं, शाळेतल्या इंग्रजी उच्चारात, अगदी बसच्या खिडकीतून यावं तसं: "पेवखोल, बाणकोट, मंडणगड, रत्नागिरी. ठीक है?"

मी उत्तर दिलं, "पेटिट सवान, सेंट पॅट्रिक, डोमिनिका."

"ये किसका है?"

"लिहून ठेव. तुझ्याजवळ राहू दे."

तिनं नवं पान उघडलं. "पहले कंट्री लिखूँ?"

"नको," म्हटलं. "आधी गाव."